डिस्प्ले गेला म्हणजे नक्की काय गेलं?

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



दुरुस्तीच्या दुकानात येणारा माणूस काउंटरवर लॅपटॉप ठेवतो आणि एकच वाक्य बोलतो, "डिस्प्ले गेला." डॉक्टरकडे जाऊन नुसतं "बरं वाटत नाही" म्हणावं, तसं हे वाक्य आहे. दिवा लागतो पण चित्र नाही, चित्र आहे पण काळोखात आहे, चित्र आहे पण त्यावर उभ्या रेघा आहेत, काच तडकली आहे, हे सगळं "डिस्प्ले गेला" या दोन शब्दांत बसतं. खर्च मात्र प्रत्येकाचा वेगळा. काही वेळा शून्य रुपये, काही वेळा चार-पाचशे, आणि काही वेळा काही हजार. समोरच्याला फरक कळत नाही हे दिसलं, की काही दुकानदार सरळ मोठा आकडा सांगतात. मी स्वतः याच धंद्यातला, म्हणून हे बोलायला मला कोणाची भीती नाही.

तेव्हा आज मी तुम्हाला मेकॅनिक करणार नाही. घरातून बाहेर पडण्यापूर्वी नक्की काय गेलं आहे, एवढं ओळखता यावं इतपतच सांगणार आहे.

मी नार्व्याचा. तुमच्यापैकी पुष्कळांचे वडील-आजोबा कोल्हापूर, सावंतवाडी, बेळगावकडून खाणीच्या, बंदराच्या, शाळेच्या नोकरीसाठी गोव्यात आले आणि इथलेच झाले. त्यामुळे आमच्या गावाची ओळख करून द्यायला नको. सप्तकोटेश्वराला तुम्ही आलेले आहात, दिवाडीची फेरीही पाहिलेली आहे. देवळात शिवाजी महाराजांच्या १६६८ सालच्या जीर्णोद्धाराचा शिलालेख आहे. साडेतीनशेहून जास्त पावसाळे झाले, अक्षरं अजून वाचता येतात. आमच्या गावात आणलेल्या लॅपटॉपचा पडदा दुसऱ्या पावसाळ्यात कुरकुरायला लागतो. यात गंमत बाजूला ठेवली, तरी एक खरी गोष्ट आहे: इथे पडद्याचा पहिला शत्रू हवा आहे. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस, त्यात नदीकाठ. कपाटातल्या चपला आणि पट्टे बुरशीने पांढरे होतात, तीच हवा मॉनिटरच्या जाळीतून आत जाते. डिचोलीच्या खाणपट्ट्यात त्यावर तांबडी धूळ. ओली हवा आणि धूळ एकत्र आली की आतल्या पिनांवर थर बसतो. पुण्याच्या मुलाने फोनवर सांगितलेले उपाय इथे अपुरे पडतात ते याचमुळे.

या शतकाच्या सुरुवातीला गोवा सरकारची सायबरएज योजना आली आणि अकरावीच्या मुलांच्या घरी संगणक येऊ लागले. ज्या घरात तोवर टीव्हीसुद्धा उशिरा आला होता, तिथे टेबलावर तो मोठा, पाठीला कुबड असलेला मॉनिटर बसला. त्यावर भरतकामाचं कव्हर, वर गणपतीची छोटी मूर्ती. पुढे सपाट पडदे आले, मग लॅपटॉप. बिघाडांची जातही बदलली. जुन्या मॉनिटरचं पोट कधीच उघडू नका असं आम्ही सांगायचो, कारण त्यात वीस-पंचवीस हजार व्होल्टचा दाब तयार होतो आणि पिन काढल्यावरही काही काळ आत राहतो. सपाट पडद्यात असं राक्षसी काही नाही. पण तो नाजूक आहे, आणि त्याची रचना समजली की अर्धं निदान आपोआप होतं.

रचना अशी. सगळ्यात मागे दिवा. दिव्यापुढे काच, जिच्यातले लाखो बारीक ठिपके उघडझाप करतात आणि रंग दाखवतात. आणि या काचेला "आता हे दाखव" असा निरोप आणणारी तार. काच स्वतः उजेड देत नाही. आपल्या नाटकातला पडद्यावरचा छाया-खेळ आठवा: मागचा कंदील विझला तर बाहुली हलत असते, प्रेक्षकाला दिसत नाही. (हल्ली काही महागड्या लॅपटॉपांत आणि फोनांत ठिपके स्वतःच उजळतात, त्यांना मागचा दिवा लागत नाही. त्यांची गोष्ट निराळी.)

आता पडदा काळा आहे असं समजा. खोली अंधारी करा, लॅपटॉप चालू ठेवा आणि फोनचा टॉर्च पडद्यावर तिरका, अगदी जवळून धरा. अंधुक का होईना, खिडकी, चिन्हं, अक्षरं दिसली, तर काच आणि निरोप दोन्ही ठीक आहेत, दिवा किंवा दिव्याला वीज देणारा भाग गेला आहे. काहीच दिसलं नाही, तर निरोपच पोचत नाही, किंवा संगणकच सुरू झालेला नाही. या परीक्षेला एक पैसा लागत नाही. त्याआधी मात्र प्रकाश कमी-जास्त करायचं बटण एकदा वर दाबून पाहा. हसू नका. नातवाने तो शून्यावर नेला आणि आजोबांनी दीड महिना लॅपटॉप उघडला नाही, असं घर मी पाहिलेलं आहे.

दुसरी परीक्षा म्हणजे घरातला टीव्ही. एचडीएमआय केबल एका टोकाला लॅपटॉप, दुसऱ्या टोकाला टीव्ही. टीव्हीचा इनपुट बदला, मग विंडोजची खूण असलेलं बटण धरून पी दाबा. पडदा काळा असेल तर यादी दिसणार नाही, म्हणून पी दाबून थोडं थांबा, खालचा बाण एकदा आणि एंटर. जमलं नाही तर पुन्हा करा. टीव्हीवर चित्र स्वच्छ आलं, तर तुमचा संगणक जिवंत आहे, तुमच्या फायली जिथल्या तिथे आहेत. आजार फक्त पडद्याचा किंवा त्याच्या तारेचा.

ही परीक्षा मला फार मोलाची का वाटते, ते सांगतो. आमच्या भागात जत्रेला मराठी नाटक होतं हे तुम्हाला ठाऊक आहे. एका घरातले वडील अनेक वर्षं गावासाठी नाटकं लिहायचे, बसवायचे. शेवटची काही त्यांनी लॅपटॉपवरच टंकली होती, कागदावर प्रत नव्हती. एके दिवशी लॅपटॉप सुरू होईना, म्हणजे पडदा उजळेना. एका दुकानात "हे संपलं, भंगारात द्या" असं उत्तर मिळालं. त्यानंतर थोड्याच दिवसांत ते गेले. लॅपटॉप कपाटात गेला, दोन पावसाळे तिथेच. मुलगा आखातात. चवथीला घरी आला तेव्हा कपाट आवरताना तो त्याच्या हाती लागला आणि माझ्याकडे घेऊन आला, तेही दुरुस्तीला नव्हे, हार्ड डिस्क फोडून टाका म्हणून, आतलं कोणाच्या हाती पडू नये यासाठी. मी चार्जर लावला, टीव्हीला जोडला. चौथ्या मिनिटाला वॉलपेपर आला. वडिलांनी देवळाच्या दीपस्तंभाचा फोटो लावला होता. फोल्डरचं नाव होतं "नाटकं", आणि आत सात. मुलगा उठून बाहेर जाऊन उभा राहिला. बिघाड होता बिजागरीपाशी घासून तुटलेल्या केबलचा.

तेव्हा "पडदा काळा" आणि "सगळं गेलं" यांच्यातलं अंतर लक्षात ठेवा. तुमच्या फायली पडद्यात राहत नाहीत. आणि चित्र टीव्हीवर आलं की पहिलं काम दुरुस्तीचं नव्हे. पहिलं काम म्हणजे पेन ड्राइव्ह किंवा बाहेरची डिस्क जोडून फोटो, कागदपत्रं उतरवून घेणं. मग निवांत दुकानात जा.

बिजागरीचा उल्लेख आला म्हणून सांगतो. लॅपटॉपचं झाकण आपण दिवसातून अनेकदा उघडतो-मिटतो. पडद्याची तार त्याच बिजागरीतून जाते. झाकण हळूहळू पुढे-मागे करून पाहा. एका विशिष्ट कोनात चित्र येतं आणि दुसऱ्या कोनात जातं, किंवा लुकलुकतं, तर संशय तारेवर घ्या. तार शेकड्यांत मिळते, पडद्याची काच हजारांत. "पॅनेल बदलावं लागेल" असं कोणी सांगितलं, तर एवढंच विचारा, "झाकण हलवल्यावर चित्र येतं, मग केबल पाहिलीत का?" एवढ्या एका प्रश्नाने समोरच्याचा आवाज बदलतो. आणि एका कोपऱ्याला धरून झाकण उघडायची सवय सोडा, मधे धरून उघडा.

रेघांचं निदान त्याहून सोपं. पडद्यावर रेघा किंवा विचित्र रंग दिसत असताना पडद्याचा स्क्रीनशॉट घ्या आणि तो दुसऱ्याच्या फोनवर पाठवा. त्या फोनवरही रेघा दिसल्या, तर त्या संगणकाच्या आत तयार होतायत, म्हणजे ग्राफिक्सचा भाग किंवा त्याचं सॉफ्टवेअर. तिथे चित्र स्वच्छ असेल, तर बहुतेक वेळा दोष काचेत किंवा तारेत. विंडोज सुरू होण्याआधी, कंपनीचं नाव झळकतं तेव्हाच रेघा असतील, तर सॉफ्टवेअर बदलण्यात पैसे घालवू नका. चालू असताना चित्र अडकलं, तर विंडोज, कंट्रोल आणि शिफ्ट धरून बी दाबा. पडदा क्षणभर काळा होऊन परत येईल, ग्राफिक्सला नव्याने जाग येते. उघडं काम जात नाही.

टेबलावरच्या मॉनिटरबद्दल. त्यावर "नो सिग्नल" आलं की लोक मॉनिटर दुकानात आणतात. अहो, मॉनिटर बोलतोय! "मी शुद्धीवर आहे, माझ्याकडे निरोप आलेला नाही", असं तो सांगतोय. मॉनिटर घरी ठेवा. केबल दोन्ही टोकांना काढून घट्ट लावा. जुन्या निळ्या व्हीजीए केबलची एखादी पिन वाकली तर एक रंगच नाहीसा होतो, सगळं निळसर-हिरवं किंवा पिवळं दिसतं. ते पाहून मॉनिटर बदललेले लोक आहेत. केबल ठीक असेल तर सीपीयूचा डबा पाहा. आपल्या हवेत एक गोष्ट वारंवार होते: रॅमच्या पट्टीवरच्या सोनेरी दातांवर थर बसतो आणि संगणक आतून सुरूच होत नाही, पडदा मात्र बदनाम होतो. वायर भिंतीपासून काढून, पट्टी उपसून, पेन्सिलच्या साध्या खोडरबराने दात पुसायचे, भुगा झटकायचा, पट्टी "टक" आवाज येईपर्यंत बसवायची. गणपतीनंतर आणि दिवाळीआधी आमच्याकडे येणाऱ्या डब्यांतले कितीतरी या खोडरबरावर बरे होतात.

लॅपटॉपचा दिवा लागतो, पंखा फिरतो, पडद्यावर काहीच नाही, टीव्हीवरही नाही, असं असेल तर चार्जर काढा. बॅटरी निघणारी असेल तर तीही काढा. पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. मग नुसता चार्जर लावून सुरू करा. का चालतं हे सांगायला बसलो तर उशीर होईल, पण आत साठलेली उरलीसुरली वीज निघून जाते आणि अडकलेलं मंडळ मोकळं होतं. आपल्या मंडळाबद्दल बोलत नाही.

आता विजेबद्दल, आणि हे जरा गंभीरपणे. मे महिन्याच्या शेवटी आणि पाऊस परतताना ऑक्टोबरात आपल्याकडे गडगडाट किती होतो ते तुम्ही जाणता. लोक भिंतीतली पिन काढतात आणि निश्चिंत होतात. इंटरनेटची तांब्याची तार आणि डिशची वायर तशीच जोडलेली राहते. वीज त्या वाटेने घरात येते, टीव्हीतून एचडीएमआयने संगणकात शिरते. ढग दाटले की सगळ्या तारा सोडवा. यूपीएस हा वीज गेल्यावर पाच-दहा मिनिटं देतो, आकाशातली वीज अडवत नाही. दुसरं, अर्थिंग. तीन पिनांच्या प्लगची वरची जाडी पिन तोडून दोन पिनांच्या सॉकेटमध्ये घुसवणं बंद करा. लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटतं, ते पुष्कळदा अर्थिंग नसल्याचं लक्षण असतं. जांभ्या दगडाची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होतं. तो खड्डा वर्षातून एकदा इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. आणि चवथीच्या दिवसांत मखराच्या माळा, मोदक, सॉरी, मिक्सर आणि संगणक एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर नको. पडदा लुकलुकू लागला की आधी तो बोर्ड रिकामा करून पाहा.

ओल. पावसाळ्यात जो संगणक रोज तासभर चालतो तो टिकतो, जो कपाटात असतो तो आजारी पडतो. चालताना येणारी ऊब ओल घालवते. म्हणून परदेशी गेलेल्या मुलाचा लॅपटॉप "सांभाळून" प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका. आठवड्यातून एकदा काढून चालवा. मॉनिटर बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवू नका, चार बोटं जागा सोडा. पाणी किंवा चहा सांडला, तर ताबडतोब बंद, चार्जर बाहेर, उलटा धरून निथळवा, आणि "चालतो का बघूया" हा मोह आवरा. पाण्याने जेवढं नुकसान होतं त्याहून जास्त ओला असताना वीज दिल्याने होतं. तांदळाच्या डब्यात ठेवून उपयोग नाही, हेअर ड्रायरने तर नाहीच, गरम वाऱ्याने पाणी आणखी आत ढकललं जातं.

मुंग्या. इथे बऱ्याच जणांनी मान डोलावली. पडद्याच्या आत, काचेमागे, बारीक मुंगी फिरताना दिसते. तिला बोटाने दाबू नका. ती तिथेच मेली की तो ठिपका कायमचा तुमचा. पडदा बंद करा, खोलीत दुसरीकडे दिवा लावा, एक रात्र थांबा. ऊब आणि उजेड गेला की ती बहुतेक बाहेर येते. टेबलावर प्रसादाची वाटी ठेवण्याचा आणि मुंगीचा संबंध मी सांगायला नको.

पुसण्याबद्दल एवढंच: पडदा बंद करून, गार झाल्यावर, मऊ कापड किंचित ओलं करून. पाणी कापडावर, पडद्यावर नव्हे. खिडकीच्या काचेचा निळा फवारा मुळीच नको, तो पडद्यावरचा थर खातो. फवारा खाली ओघळून किनारीत गेला की खालच्या पट्टीतली तार मरते आणि मग रेघा. झाकण मिटण्यापूर्वी कीबोर्डवर पेन, जपमाळ, चष्मा राहिला नाही ना, पाहा. पडदा फुटायला पडावाच लागतो असं नाही.

एक धोका असा आहे, जो पडद्याच्या रूपात येतो आणि पडद्याचा नसतो. झाकण नीट मिटत नाही, माऊसची पट्टी वर आली आहे, तळ टेबलावर डुगडुगतो. हे बॅटरी फुगल्याचं लक्षण. तिथे माझी एकच विनंती, वापर त्या क्षणी थांबवा. चार्ज करू नका, टोचू नका, दाबून बसवू नका. ती पेटू शकते. कापसाच्या गादीवर, देवघराजवळ, मखराच्या थर्माकोलजवळ तर नकोच. दुकानात न्या आणि आधी फोन करून सांगा की बॅटरी फुगली आहे.

दुकानात देताना कागदावर लक्षणं लिहून द्या: टॉर्चने काय दिसलं, टीव्हीवर चित्र आलं का, झाकण हलवल्यावर काय झालं. पडदा बदलायचा ठरला तर जुना पडदा परत मागा. त्याच्या पाठीवर मॉडेलचा नंबर छापलेला असतो. नवा त्याच मापाचा आणि तेवढ्याच पिनांचा, म्हणजे तीसचा की चाळीसचा, हे तपासता येतं. लॅपटॉप फार जुना असेल आणि काच महाग पडत असेल, तर तो टेबलावर ठेवून स्वस्त मॉनिटर जोडा. आजोबांना अक्षरं मोठी दिसतील आणि मानही झुकणार नाही. मी माझ्या घरी हेच केलं आहे.

माळ्यावरच्या त्या जुन्या कुबडवाल्या मॉनिटरचं काय करू, असं मघाशी एका वहिनींनी विचारलं. तो फोडू नका आणि पोत्यात घालून भंगारवाल्याकडेही देऊ नका. त्या नळीच्या काचेत शिसं असतं, आणि त्यातलं तांबं काढायला भंगारात तो हातोड्याने फोडतात, बहुधा मुलंच. सुरुवातीच्या सपाट मॉनिटरांत मागच्या दिव्याच्या बारीक नळ्यांत पारा असतो, तेही तसंच. देशात ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि जुनी उपकरणं परवानाधारक पुनर्वापर केंद्रापर्यंत पोचवण्याची जबाबदारी त्यांत उत्पादकांवर आहे. पंचायतीत किंवा पालिकेत ई-कचरा कधी गोळा करतात ते विचारा आणि त्या दिवशी तो वेगळा द्या. उतरवताना मात्र दोघांनी धरा, काचेची बाजू छातीकडे. सगळं वजन त्या बाजूला असतं.